जुन्या लॅपटॉपवर शेजाऱ्यांचं वाय-फाय दिसतं, घरचं दिसत नाही. काय करू?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप २०१२चा आहे, गेल्या महिन्यात फायबरचं नवीन कनेक्शन घेतलं, घरातले सगळे मोबाइल झकास चालतात, पण लॅपटॉपवर शेजारच्या चार घरांची नावं दिसतात आणि तुमच्याच घराचं दिसत नाही. कनेक्शन जोडायला आलेला मुलगा "लॅपटॉप जुना झालाय, नवीन घ्या" म्हणून मोकळा झाला. पैसे इतक्यात काढू नका. शेजाऱ्यांची नावं दिसतायत, म्हणजे आतलं वाय-फाय कार्ड जिवंत आहे.

माझ्या मामांकडे सांगलीला हुबेहूब हेच झालं होतं. सोसायटीचे सगळे हिशेब त्या लॅपटॉपवर, त्यामुळे मला बोलावणं आलं. मी दोन तास ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढ, परत घाल, रीस्टार्ट कर, हेच करत बसलो. शेवटी मामीच चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "अरे, माझ्या फोनचं नेट देऊन बघ की त्याला." दिलं, तर फटकन लागलं! माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

तर तुम्हीही तिथूनच सुरुवात करा. फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये बँड (वाय-फायच्या लहरींचा पट्टा) २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, ५ नको. लॅपटॉप त्याला जोडला गेला तर लॅपटॉप ठीक आहे, पुढची सगळी झटापट राउटरशी.

राउटरच्या मागच्या स्टिकरवर पत्ता आणि पासवर्ड असतो (बहुधा १९२.१६८.१.१). फोनच्या ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकून आत शिरा. पहिला संशयित म्हणजे बँड. नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड एकाच नावाने चालवतात, आणि कधीकधी २.४ बंदच करून ठेवलेला असतो. तुमच्या लॅपटॉपच्या काळातल्या बऱ्याच कार्डांना ५ कळतच नाही. तुमच्या कार्डाचं बघायचं असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची हुकूम टाइप करायची काळी खिडकी) 'नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स' टाका, अर्थात इंग्रजीत (पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच). 'रेडिओ टाइप्स'समोर ८०२.११च्या पुढे फक्त बी, जी, एन असेल तर ते बहुतेक २.४वालंच कार्ड. ए किंवा एसी दिसलं तर ५ पण चालतं. राउटरमध्ये 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टिअरिंग' (दोन्ही बँड एका नावाखाली ठेवणारी सोय) बंद करून २.४ला वेगळं नाव द्या.

मामांकडे मात्र २.४ चालू होता, नावही वेगळं होतं, तरी दिसेना. प्रत्येक बँडचे चॅनल म्हणजे छोटे कप्पे असतात. फोनवर ते दाखवणारं वाय-फाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप टाकून पाहिलं तर राउटर चॅनल १३वर बसलेला. आपल्याकडे या बँडमध्ये १ ते १३ चॅनल चालतात, पण अमेरिकेत व्यवहारात ११पर्यंतच वापरतात, आणि तिकडच्या हिशेबाने सेट केलेली जुनी कार्डं १२-१३कडे ढुंकूनही बघत नाहीत. वर चॅनल 'ऑटो'वर. राउटर बंद-चालू झाला की चॅनल बदलायचा, मग चार दिवस चालायचं आणि पुन्हा गायब. मामांनी त्याचा संबंध पावसाशी लावला होता. चॅनल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११ करा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. हे तीनच का, तर ते एकमेकांवर चढत नाहीत.

नाव दिसतं पण पासवर्ड बरोबर असूनही घेत नाही, असं झालं तर राउटरमध्ये सिक्युरिटी, म्हणजे पासवर्ड तपासायची पद्धत, बघा. डब्ल्यूपीए३ असेल तर डब्ल्यूपीए२, एईएस करा. नाव तरीही दिसत नसेल आणि राउटर वाय-फाय ६चा असेल तर कार्डाचा ड्रायव्हर नवा टाका. इंटेलच्या काही कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरला अशी नेटवर्कं दिसतच नाहीत. डाउनलोडपुरती लॅनची केबल लावा.

एक गंमत सांगून ठेवतो. सगळं जोडलं गेलं आणि तरी प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडायला लागली, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि साइटची प्रमाणपत्रं त्याला खोटी वाटतात. तारीख नीट करा. रोज बिघडत असेल तर सेल बदला. डेस्कटॉपमध्ये तो बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो, लॅपटॉपमध्ये वायर लावलेला, म्हणून तो दुकानातूनच बदलून घ्या.

आणि हॉटस्पॉटही लागला नाही, शेजाऱ्यांची नावंही दिसेनाशी झाली तर? आधी लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचं छोटं बटण सरकलंय का ते पाहा, मी त्यात एकदा फसलोय. ते ठीक असेल तर कार्ड गेलं समजा आणि यूएसबी डाँगल (बाहेरून खोचायचं छोटं वाय-फाय कार्ड) घ्या, पाचशेच्या आसपास बरा मिळतो. फक्त घेण्याआधी खोक्यावर तुमच्या विंडोजचं नाव आहे का ते वाचा. विंडोज ७ असेल तर खास बघा, कारण बरेच नवे डाँगल फक्त १० आणि ११साठीच येतात, आणि ड्रायव्हरची सीडी दिली असली तरी या वयाच्या लॅपटॉपचा सीडी ड्राइव्ह चालेलच असं नाही.