काय कमी आहे त्याला?

‘मॅडम, एवढा पैसा, एवढं नाव असलेली माणसंसुद्धा असं करतात? मग आपण कुठल्या आशेवर जगायचं?’

मी ठाण्यात समुपदेशक आहे. आत्महत्येबद्दलचा हा प्रश्न माझ्याकडे कधी येणार, हे बातम्या बघून आधीच कळतं. जून २०२० मध्ये सुशांतसिंह राजपूत गेला तेव्हा कॉलेजात जाणाऱ्या मुलांचे आईवडील विचारत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कलादिग्दर्शक नितीन देसाई गेले आणि विचारणारे बदलले. कर्जतला स्वतःचा स्टुडिओ उभारणारा मराठी माणूस आणि बातम्यांत सतत कर्जाचे आकडे. त्यांच्या मनात शेवटी काय चाललं असेल यावर टीव्हीवर लोक छातीठोकपणे बोलत होते. त्या चर्चेत मी पडत नाही. पण त्या दिवसांत नौपाड्यातल्या माझ्या खोलीत वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथले छोटे कारखानदार, नाहीतर त्यांच्या घरातल्या बायका येऊन बसायला लागल्या, एवढं खरं.

प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते. पैसा अजिबात वाचवत नाही असं म्हणणं खोटं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. गेलेल्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांचं वर्षाचं उत्पन्न १ लाखाच्या आत होतं. आपल्याकडे मुळात कमी उत्पन्नाची माणसंच जास्त, त्यामुळे नुसत्या या आकड्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये. तरीही औषधाला पैसे नसणं, सावकार दारात बसणं, काम सुटलं की दुसऱ्या दिवशीची चूल बंद, ही दुःखं खरीखुरी आहेत आणि पैसा ती हलकी करतो. ‘श्रीमंतांनाही सुख नसतं’ असं म्हणून गरिबीचं कौतुक करणाऱ्यांचा मला राग येतो.

पैशाने जे होत नाही ते मला एका कारखानदाराच्या निमित्ताने फार जवळून बघायला मिळालं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि लिहायला त्यांची परवानगी आहे. त्यांची धाकटी बहीण त्यांना दादा म्हणते. नाक्यावरच्या फ्लेक्सवरही ‘दादा’च लिहिलेलं असायचं, म्हणून इथेही दादाच.

बहीण डोंबिवलीहून एकटीच आली. दादा पूर्वी कळव्यात चाळीत राहायचे. लेथवर काम करत करत वागळे इस्टेटमध्ये स्वतःचा गाळा घेतला, मग शेजारचा. औषध कंपन्यांच्या मशीनला लागणारे सुटे भाग बनवायचे. घोडबंदर रोडला टॉवरमध्ये तीन बेडरूमचं घर, मुलगी बारावीला, गणेशोत्सव मंडळाचं अध्यक्षपद, दोन-तीन सत्कार. बहीण हे सगळं कौतुकाने सांगत होती आणि मध्येच थांबून म्हणाली, ‘काय कमी आहे हो त्याला? तरी परवा मला म्हणतो, मी नसलो तर वहिनीला सांभाळशील ना? मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतोस, त्या टीव्हीवरच्या बातम्या बंद कर आधी.’

मी विचारलं, अजून काय बदललंय? तिने आठवून आठवून सांगितलं. पहाटे तीनला उठून गॅलरीत बसतो. जेवताना लक्ष नसतं. जुन्या मित्रांचे पैसे फेडून टाकले. घराचे, विम्याचे, बँकेचे सगळे कागद एका फायलीत लावून वहिनीला कपाट दाखवलं. आणि गेल्या चार-पाच दिवसांत एकदम शांत झालाय, त्यामुळे घरी सगळ्यांना हायसं वाटलंय.

मला त्या शांत होण्याचीच भीती वाटली. बरेच दिवस तळमळणारा माणूस, परिस्थितीत काही फरक पडलेला नसताना अचानक निवळतो, तेव्हा कधीकधी त्याने मनाशी काहीतरी ठरवलेलं असतं. मी बहिणीला म्हटलं, आज संध्याकाळीच त्यांना घेऊन या आणि वाटेत सरळ विचारा. ती दचकली. ‘असं कसं विचारायचं? डोक्यात नसेल ते भरायचं.’

ही भीती घरोघरी असते आणि ती निराधार आहे. आत्महत्येचा विचार येतो का, असं विचारल्याने तो विचार नव्याने रुजत नाही, हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय. उलट ज्याच्या डोक्यात तो फिरतोय त्याला पहिल्यांदा कुणापुढे तरी तोंड उघडता येतं. मात्र विचारायचं ते स्पष्ट शब्दांत. ‘तसलं काही नाही ना मनात?’ या प्रश्नाला समोरचा ‘नाही’ एवढंच म्हणू शकतो, कारण आपल्याला तेवढंच ऐकायचंय हे त्याला कळलेलं असतं.

दादा आले. पांढरा शर्ट, इस्त्री कडक, हातात दोन मोबाइल. मी विचारलं, ‘जगणं नको वाटतंय का? जीव देण्याचे विचार येतात का?’ बराच वेळ त्यांनी मोबाइल उलटे ठेवण्यात घालवला. मग म्हणाले, ‘येतात. ठरलंयही जवळजवळ.’

त्यानंतर जे बोलले ते थोडक्यात असं. परदेशी ऑर्डरच्या भरवशावर कर्ज काढून दोन मोठी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी, मशीन घेतली. ऑर्डर लांबली, मग रद्द झाली. हप्ते चालूच. गाळ्यावरची बारा-पंधरा कुटुंबं त्यांच्या जिवावर. घरी सांगितलेलं नाही. त्याच महिन्यात वाढदिवस आला आणि पोरांनी नाक्यावर हा मोठा फ्लेक्स लावला, ‘उद्योगविश्वातील धडाडीचे नेतृत्व’. ‘सिग्नलला गाडी थांबली होती,’ ते म्हणाले, ‘मी माझाच फोटो बघत होतो आणि वाटलं, हा माणूस मी नाही. याला कर्ज नाही, याला झोप लागते. खरा मी लोकांना कळलो तर संपलो.’

समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येवर लिहिलेल्या ग्रंथात एक निरीक्षण मांडलंय. आर्थिक अरिष्टात आत्महत्या वाढतात, तशा एकाएकी आलेल्या भरभराटीतही वाढतात. मुद्दा खिशात किती आहेत यापेक्षा माणसाचं आणि त्याच्या अपेक्षांचं जमलेलं गणित मोडण्याचा आहे. कळव्याच्या चाळीत दादांकडे आजच्या दहाव्या हिश्श्याएवढंही नव्हतं. पण तिथे तेल संपलं तर शेजारून वाटीभर आणायची चाल होती. टॉवरच्या एकविसाव्या मजल्यावर कर्ज मागायचं सोडाच, कर्ज आहे हे बोलायचीही सोय नव्हती. त्यांच्याभोवती माणसं पुष्कळ होती, पण जवळजवळ प्रत्येकाला त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं: वर्गणी, नोकरी, शिफारस. ‘दादा आहेत ना’ हे ऐकतच त्यांची दहा वर्षं गेली होती.

त्यात घरचं ते वाक्य. काय कमी आहे तुला? प्रेमानेच म्हणतात सगळे. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच पोचतं की तुझं दुःख आम्हाला मान्य नाही. मग तो स्वतःलाच कृतघ्न ठरवतो आणि दुःखावर शरमेचा थर चढतो. दादांचा हिशेब तिथेच येऊन थांबला होता: मी घरावर ओझं झालोय, मी गेलो तर यांचं सुटेल. नैराश्यात हा हिशेब करणाऱ्याला अगदी बिनचूक वाटतो. त्यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी त्यांना विचारलं, ‘मुलीला हे गणित सोडवायला दिलं तर तिचं उत्तर काय येईल?’ ते रडले. उत्तर दिलं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे फार विसरली जाते. प्रत्येक वेळी कारण परिस्थितीतच सापडेल असं नाही. हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स २०१४ मध्ये गेला तेव्हा जगभर हेच विचारलं गेलं, याला काय कमी होतं? शवविच्छेदनात त्याच्या मेंदूत ल्युई बॉडी डिमेन्शिया हा आजार निघाला, ज्याचं निदान जिवंतपणी झालंच नव्हतं. मेंदू हाही शरीराचाच भाग आहे. बँकेतली शिल्लक बघून तो आजारी पडत नाही. त्या मृत्यूनंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाल्याचंही संशोधकांनी नंतर नोंदवलं. प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूची बातमी रंगवून, तपशिलात, पुन्हापुन्हा दाखवली की काठावर उभ्या असलेल्यांवर तिचा परिणाम होतो. दादाही रात्री गॅलरीत बसून तेच व्हिडिओ बघत होते. बहिणीचं ‘बातम्या बंद कर’ तेवढ्यापुरतं बरोबरच होतं, फक्त त्यावर तिचं बोलणं संपायला नको होतं.

त्या संध्याकाळी तत्त्वज्ञान कमी आणि कामं जास्त झाली. दादांना आधीच सांगितलं होतं की बोलणं इथेच राहील, पण जिवाला धोका असेल तर घरच्यांना सांगावं लागेल. त्यांच्यासमोरच बायकोला फोन लावला. त्यांनी ज्याचा विचार केला होता ते सगळं त्याच रात्री घरातून बाहेर गेलं. पुढचे काही दिवस त्यांना एकटं सोडायचं नाही, असं ठरलं. औषधं देणं माझं काम नाही. मनोविकारतज्ज्ञांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

इथे ठाण्याचा खास अडथळा आला. आपल्याकडचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं, आणि तेव्हापासून अख्ख्या महाराष्ट्रात कुणाची थट्टा करायची तर ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हणतात. दादा इतक्या अवघड वेळीही हसले. ‘मॅडम, ठाण्यात राहून ठाण्याला जायचं? उद्या मंडळात कळलं तर?’ पुण्याला डॉक्टर मिळेल का, असं विचारत होते. मिळाला असता, पण दर पंधरा दिवसांनी पुण्याला जाणारा माणूस तिसऱ्या वेळी कंटाळतो. मी आग्रहाने इथलाच धरला.

दुसरी भीती पोलिसांची. ‘हे सगळं लिहून ठेवलं तर माझ्यावर केस होईल?’ नुसता विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. आणि प्रयत्न करणाऱ्याबद्दलही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की तो तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरावं, त्याला शिक्षा करू नये, उलट सरकारने त्याच्या उपचारांची सोय करावी. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणाऱ्या जुन्या कलम ३०९ सारखी सरसकट तरतूदच नाही. नाव जाईल या धास्तीने उपचार टाळणाऱ्या घरांना मी हे मुद्दाम सांगते.

गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, आणि ते आठवडे कठीण गेले. ‘काही उपयोग नाही’ म्हणून त्यांनी मध्येच सोडायचंही ठरवलं होतं. बायकोने वाद घातला नाही, फक्त डॉक्टरांना फोन लावून हातात दिला. झोप आधी सुधारली, मग भूक. मन सगळ्यात शेवटी.

कर्जाचं काय? समुपदेशकाने तिकडे बघू नये असं काहींना वाटतं. मला पटत नाही. ज्याला दर महिन्याच्या पाच तारखेला धडकी भरते त्याला नुसते दीर्घ श्वास शिकवून काय होणार? दादांनी सीएला खरे आकडे पहिल्यांदा दाखवले. बँकेत गेले, हप्त्यांची मुदत वाढवून मिळाली. एक मशीन विकलं. टॉवरमधलं घर भाड्याने देऊन कुटुंब खारेगावला छोट्या जागेत गेलं. मुलीला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली की तिला बरेच महिने माहीत होतं, फक्त बाबांना वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. कामगारांनाही सांगितलं. दोघं सोडून गेले, बाकीचे राहिले.

बहिणीने शेवटी विचारलं, पुन्हा होईल का? होऊ शकतं. म्हणून दादांच्या हस्ताक्षरात एक कागद करून घेतलाय: झोप कमी झाली, लोकांचे फोन टाळावेसे वाटले, पुन्हा हिशेब सुरू झाला, तर आधी बायको, मग बहीण, मग डॉक्टर. रात्री-अपरात्री कुणीच उचललं नाही तर टेली-मानसचा १४४१६. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तो नंबर आहे. तुमच्याही असू द्या, तुमच्या घरात काही कमी नसलं तरी.

पुतणीच्या साखरपुड्यात एका मामांनी दादांना गाठून सुनावलं, ‘दिसतोस तर ठणठणीत, मग गोळ्या कशाला खातोस?’ दादा म्हणाले, ‘खातो म्हणून तर दिसतोय.’ कर्ज अजून फिटलेलं नाही. बँकेचं पाकीट आलं की ते हल्ली रात्रभर उशाशी ठेवत नाहीत, उघडून तिथल्या तिथे सीएला फोन लावतात.