प्रयोगशाळेतले प्रश्न : काउंट शाबूत, फोलिक ॲसिड गायब

प्रश्न : ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) लावलेलं फोलिक ॲसिड आम्ही उणे 20 अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतो. काउंट (काउंटरने टिपलेले किरणोत्साराचे ठोके) पूर्वीइतकेच येतात, पण ते पेशींना चिकटण्याचं प्रमाण निम्म्यावर आलंय. ट्रिटियमचं अर्धायुष्य तर 12.3 वर्षं आहे ना?
— संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : अर्धायुष्याला इथे बोल लावू नका. काउंटर ट्रिटियम मोजतो. तो कुठल्या रेणूवर बसलाय हे त्याला कळत नाही. तुमच्या मालात लेबल, म्हणजे ट्रिटियम, 3′ आणि 5′ या जागी, म्हणजे पॅरा-अमिनोबेंझोइक ॲसिडच्या कड्यावर असेल, तर कार्बन-9 आणि नायट्रोजन-10 यांमधला बंध तुटल्यावर ते ग्लुटामेटवाल्या तुकड्यासोबत जातं. काउंट जसेच्या तसे राहतात, पण पेशीवरचा फोलिक ॲसिड पकडणारा फोलेट रिसेप्टर त्या तुकड्याला विचारत नाही.

बंध उजेडाने तुटतो, तसाच स्वतःच्या किरणोत्सारानेही. ट्रिटियमचा बीटा कण पाण्यात फार तर 6 मायक्रोमीटर जातो आणि सगळी ऊर्जा तिथेच ओततो. त्यातून निघालेले हायड्रॉक्सिल रॅडिकल शेजारच्या रेणूंवर तुटून पडतात. त्यात द्रावण सावकाश गोठलं, की बर्फाचे स्फटिक विरघळलेला पदार्थ बाजूला लोटतात आणि लेबलवाले रेणू एकमेकांना खेटतात. साधा फ्रीझर म्हणूनच सगळ्यात वाईट जागा. 2 ते 4 अंशांवर द्रवरूपात ठेवा, नाहीतर थेट द्रव नायट्रोजनमध्ये. 2 टक्के इथेनॉल घाला, ते रॅडिकल झेलतं. तपकिरी कुप्यांत थोडंथोडं वाटून ठेवा आणि प्रयोगाआधी एचपीएलसी (मिश्रणातले रेणू वेगळे करून शुद्धता दाखवणारी चाचणी) कराच.

सुटलेला ट्रिटियम पाण्यात गेलाय का, हेही तपासा : 10 मायक्रोलिटर थेट मोजा, तेवढंच दुसरं नायट्रोजनच्या झोतात सुकवून, पुन्हा विरघळवून मोजा. काउंट घटले, तर तेवढा ट्रिटियम पाण्याच्या रूपात उडाला. हे फ्यूम हूडमध्येच करा. गायगर काउंटरला ट्रिटियम दिसत नाही, सांडलेलं शोधायला स्वॅबने पुसून घेतलेला नमुना आणि लिक्विड सिंटिलेशन (नमुना खास द्रवात मिसळून किरणोत्साराने उठणारी चमक मोजणं) हेच लागतं.

प्रश्न : बाजारातल्या बी-12 जीवनसत्त्वात किरणोत्सारी कोबाल्ट-57 चं क्लोराइड मिसळून लेबल करता येईल?
— प्राध्यापक, नागपूर

उत्तर : नाही. बी-12 च्या रेणूतल्या कॉरिन कड्यात बसलेला कोबाल्ट बाहेरच्या आयनाशी अदलाबदल करत नाही. तो जिवाणूकडूनच बसवून घ्यावा लागतो : प्रोपिओनीबॅक्टेरियमच्या माध्यमात कोबाल्ट-57 घालून, नंतर पेशी सायनाइडसोबत तापवून. घोळ होतो तो साध्या, किरणोत्सारी नसलेल्या कोबाल्टने. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि नळाच्या पाण्यातून तो आला, की विशिष्ट किरणोत्सार (ठरावीक वजनामागचा किरणोत्सार) घसरतो. त्यापेक्षा तयार माल मागवा. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन यंत्रणेवरून आधी काढा, कारण 272 दिवसांत कोबाल्ट-57 निम्मा होतो आणि फाइल टेबलावर पडली म्हणून तो थांबत नाही.