पासवर्ड फक्त तुझा

विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये रुजू झालास, अभिनंदन! तिथल्या सगळ्यांच्या सामायिक लिनक्स सर्व्हरचं लॉगिन मिळालं की पहिल्या दिवशीच पासवर्ड बदल आणि तो कुणालाही देऊ नकोस, साहेबांनी मागितला तरी.

माझ्या आधीच्या ऑफिसात निकालाच्या दिवसांत चौघं एकाच खात्यातून काम करायचे. पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर. एका संध्याकाळी गुणांच्या फाइलवर कुणीतरी जुनीच फाइल चढवली. लॉगमध्ये, म्हणजे कुणी काय केलं याच्या नोंदीत, नाव एकच, माझं. मी तेव्हा विरार लोकलमध्ये उभी होते, हे पटवून देण्यात आठवडा गेला. म्हणून इतक्या कळकळीने सांगतेय. शिवाय दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा आयटी कायदा २००० च्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फाइल सहकाऱ्याला हवी असेल तर पासवर्ड देऊ नकोस, सर्व्हरवरच्या तुमच्या ग्रुपला त्या फाइलची परवानगी दे. घाईत लोक परवानगीचा आकडा ७७७ टाकून मोकळे होतात. म्हणजे वाचणं, लिहिणं, चालवणं, तिन्ही सगळ्यांना खुलं. ग्रुपला फक्त वाचायचं असेल तर फाइलला ६४० पुरे: तू वाचशील-लिहिशील, ग्रुप फक्त वाचेल, बाकीच्यांना काहीच नाही. गुणपत्रकं असतील तर याबाबत अजिबात ढिलाई नको.

मोठं काम लावण्याआधी ‘टॉप’ ही कमांड चालवून बघ, मेमरी कोण किती खातंय. रात्रभर चालणारं काम टीमक्समध्ये (tmux, कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्रॅम) लाव, नाहीतर नेट गेलं की सहसा तेही बंद पडतं. टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात महत्त्वाचं काही ठेवू नकोस, ते न विचारता साफ होतं.

आणि जेवायला उठतानाही स्क्रीन लॉक कर.