सोशलमध्ये डीजेने माइकवर किती बोलावं? गाणं चालू असताना एक शब्दही नाही

तुमचा प्रश्न: "पुढच्या महिन्यात आमच्या साल्सा-बचाटा सोशलला, म्हणजे जोडीने नाचायला जमतो तिथे, मी पहिल्यांदाच डीजे करणार आहे. मधूनमधून माइकवर किती बोलावं? अजिबात बोललो नाही तर लोकांना कंटाळा येईल का?"

गाणं चालू असताना काही बोलू नका. दोन गाण्यांच्या मधे सांगण्यासारखं काही असेल तर दोन वाक्यं बोला आणि माइक बंद करा. लोकांना कंटाळा आला तर तो तुमच्या गाण्यांचा येईल, तुमच्या गप्प बसण्याचा कुणाला येत नाही.

मी पुण्यात २०१२ पासून नाचते आणि गेली सहा वर्षं सोशलला गाणी लावते. याच मुद्द्यावरून माझं एका आयोजकांशी चांगलंच वाजलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या क्लासला एक काका यायचे. वय एकसष्ट, एसटीतून निवृत्त, गावच्या भजनी मंडळात पंचवीस-तीस वर्षं टाळ धरलेले. तालाला एकदम पक्के. तरी साल्सात त्यांना 'वन', म्हणजे आठ ठोक्यांच्या मोजणीतला पहिला, काही सापडेना. आपल्याकडे सम सगळ्यांना कळते, अख्खी बैठक तिथे मान हलवते. साल्सात एकवर तसा वेगळा जोर कुणी देत नाही. काँगा ढोलाची चापट दोनवर आणि सहावर पडते, बास तर एकच्या आधीच येऊन बसलेला असतो. म्हणजे टाळकऱ्याचा कान जिथे ठोका शोधायला जातो नेमकी तिथेच जागा मोकळी. मी काकांना सांगितलं होतं, सुरुवातीला धडपडू नका, मोंटुनोची, म्हणजे गाण्याच्या उत्तरार्धाची, वाट बघा. त्या भागात बोंगोवाला बोंगो बाजूला ठेवून घंटा हातात घेतो आणि तिचे मोठे ठोके एक, तीन, पाच, सातवर पडतात. कोरस एकच ओळ धरून ठेवतो आणि मुख्य गायक मधल्या जागेत आपल्या ओळी घालतो. काका म्हणाले, "म्हणजे बुवांनी म्हणायचं आणि आम्ही उचलायचं. तेच की हे!" हो, तेच.

चार महिने क्लास केल्यावर ते पहिल्यांदा सोशलला आले. बाणेरमधल्या एका कॅफेचा वरचा मजला, चाळीसेक माणसं. काका दीड तास भिंतीला टेकून उभे. मी मुद्दाम त्यांच्यासाठी मध्यम लयीचं, जुन्या वळणाचं, घंटा स्वच्छ ऐकू येईल असं गाणं लावलं. त्यांनी आमच्याच बॅचमधल्या एका मुलीला विचारलं. पहिली दोन मिनिटं नुसते चाचपडत होते, ओठांवर एक-दोन-तीन, पाच-सहा-सात चालू. मग मोंटुनो आला, घंटा सुरू झाली, आणि मला डेस्कवरून दिसलं की काकांचे ओठ हलायचे थांबलेत. मोजणं थांबलं होतं आणि पाय चालू होते. चार महिन्यांत पहिल्यांदा.

नेमका तेव्हाच आयोजकांनी माझ्या शेजारी ठेवलेला माइक उचलला. "पुणेऽऽ! आवाज कुठाय? हात वर, हात वर!" पाठोपाठ पुढच्या महिन्यातलं वर्कशॉप, त्याची फी, आज नाव दिलं तर सवलत किती.

मिक्सरवर टॉकओव्हर चालू होतं. ज्यांनी कधी वापरलं नसेल त्यांच्यासाठी: माइकमध्ये आवाज गेला की गाणं आपोआप दबतं, बोलणं थांबलं की पुन्हा वर येतं. लग्नाच्या रिसेप्शनला ही फार सोयीची गोष्ट आहे. नाचणाऱ्याचं काय होतं त्याचा हिशेब करा. गाणं मिनिटाला १८० ठोक्यांचं होतं, म्हणजे आठ ठोक्यांना साधारण पावणेतीन सेकंद. आयोजक फार तर वीस सेकंद बोलले. तेवढ्यात सात बेसिक, म्हणजे आठ ठोक्यांच्या मूळ पावलांच्या सात फेऱ्या, होतात. दहा वर्षं नाचलेला माणूस सात बेसिक न ऐकता निभावून नेतो. नवीन माणसाला ते जमत नाही. काका थांबले. पुन्हा ओठ हलायला लागले, पण घंटा पुन्हा ऐकू येईपर्यंत त्यांचा धीर सुटला होता. त्या मुलीला हात जोडून सॉरी म्हणाले, खुर्चीवर जाऊन बूट बदलले आणि निघून गेले. पुढचे चार रविवार आलेच नाहीत.

सोशल संपल्यावर मी आयोजकांना हे बोलले. त्यांचं उत्तर होतं, "तू बोलत नाहीस म्हणून मला बोलावं लागतं. डीजे बोलला नाही की पब्लिक थंड पडतं." मी विचारलं, त्या वेळी फ्लोअरवर अठरा जोड्या होत्या, त्यातलं थंड कोण होतं? त्यावर ते रुएदाचं उदाहरण द्यायला लागले, की तिथे तर सतत कुणीतरी ओरडतच असतं. महिनाभराने त्यांनी दुसरा डीजे घेतला.

रुएदाचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नव्हतं, ते इथे देते. रुएदा दे कासिनो हा हवानात १९५०च्या दशकात रुजलेला प्रकार. जोड्या गोलात नाचतात आणि एकजण पुढची चाल पुकारतो. पण तो पुकारणारा सहसा त्या गोलातच नाचत असतो. "दामे" म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम जोडीदार बदलायचा असतो, म्हणून ते नेमक्या ठोक्याला म्हणावं लागतं. गोंगाट फार असेल तर हाताने खुणा करतात. लिंडी हॉप या अमेरिकन जोडीनाचवाल्यांकडेही शिम शॅम, म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचा ठरलेला नाच, झाल्यावर "फ्रीझ", "स्लो मोशन" अशी हाक येते. न्यूयॉर्कच्या हार्लेममधले फ्रँकी मॅनिंग त्यासाठी ओळखले जायचे आणि ते स्वतः नर्तक होते. या हाका नाचाचाच भाग आहेत. वर्कशॉपची सवलत नाचाचा भाग नाही.

टँगोवाले तर न बोलता सगळं सांगतात. तीन-चार गाण्यांचा एक तांदा, मग कोर्तिना, म्हणजे भलत्याच संगीताचा छोटा तुकडा, ज्यावर कुणी नाचत नाही. तो वाजला की लोक आपापल्या जागी जातात, नवा जोडीदार बघतात. तुम्ही तीन साल्सा, दोन बचाटा असा क्रम ठेवलात आणि रात्रभर पाळलात, तर "आता बचाटा!" असं ओरडावं लागणार नाही. बचाटाची गिटार दोन सेकंदांत ओळखू येते.

क्लबमध्ये लोक डीजेकडे तोंड करून नाचतात. सोशलमध्ये त्यांची तुमच्याकडे पाठ असते आणि तशीच असू द्या. एक गाणं म्हणजे एका माणसाबरोबर मिळालेली चार-पाच मिनिटं. पुढच्या गाण्याला जोडीदार बदलतो, त्यामुळे तुम्ही मधे बोलून खाल्लेली वीस सेकंदं त्या दोघांना परत मिळत नाहीत.

आता मी स्वतः कुठे चुकले तेही सांगते. मागच्या वर्षी स्पीकरजवळ कुणाची तरी पाण्याची बाटली सांडली. मला दिसलं. गाणं संपायला मिनिटभर होतं, म्हणून मी थांबले, गाण्यात बोलायचं नाही हा माझाच नियम धरून. तेवढ्यात एक मुलगी घसरली आणि मनगटावर पडली. तीन आठवडे हाताला पट्टा होता. तेव्हा फ्लोअर ओला झाला, काच फुटली, कुणाला चक्कर आली, तर गाणं सरळ बंद करा. नुसतं दाबू नका, बंदच करा. मोठ्याने सांगा, पुसून घ्या आणि नवीन गाणं लावा.

बाकी बोलायच्या जागा मोजक्याच आहेत. नवीन लोक बरेच असतील तर अगदी सुरुवातीला सांगा की कुणीही कुणालाही विचारू शकतं आणि 'नको' म्हटलेलंही चालतं. हे मी दर वेळी सांगते, बायकांना त्याचा फार उपयोग होतो. वाढदिवस असेल तर नाव आणि शुभेच्छा, लगेच गाणं. कुणाची एमएच १२ गेटसमोर आडवी लागली असेल तर दोन गाण्यांच्या मधे. आणि शेवटची दोन गाणी उरली की तेवढं जरूर सांगा, म्हणजे ज्यांना कुणाला विचारायचं राहून गेलंय ते उठतात. वर्कशॉपची माहिती दाराशी कागदावर लावा. मोठ्या फेस्टिव्हलला वेगळा निवेदक असतो, तिथलं गणित वेगळं आहे. हे सगळं चाळीस-पन्नास माणसांच्या सोशलबद्दल आहे.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे टॉकओव्हरचं बटण बंद करा. आयोजक गाण्याच्या मधे माइक घ्यायला आले तर "हे गाणं संपू द्या" म्हणा. काका आता दुसऱ्या एका सोशलला येतात, आम्ही भेटतो, त्या रात्रीबद्दल ते कधी बोललेले नाहीत. मी आयोजकांशी भांडले ते सगळं संपल्यावर. माइक माझ्या हाताच्या अंतरावर होता, आणि हे चार शब्द मी तेव्हा म्हटले नाहीत.