ग्रामसभेत बोलून काही होत नाही, मग गावच्या कामात सामान्य माणसाने भाग घ्यायचा तरी कसा?

तुम्ही लिहिलंय की गल्लीत गटार हवी होती आणि ग्रामपंचायतीने पेव्हर ब्लॉक टाकले, ग्रामसभेत ओरडून पण कोणी ऐकलं नाही. आमच्याकडे पण सेम झालं होतं म्हणून सांगतो.

आम्ही 26 जानेवारीच्या ग्रामसभेत भांडलो, पण तोपर्यंत उशीर झालेला होता. पंचायतीचा जीपीडीपी म्हणजे वर्षाचा विकास आराखडा असतो ना, त्याची तयारी साधारण 2 ऑक्टोबरपासून सुरू होते, आणि वित्त आयोगाचा पैसा (म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारा निधी) त्या आराखड्यात असलेल्या कामालाच मिळतो, त्यात नाव नसेल तर सरपंचांनी मनात आणलं तरी लगेच काही करता येत नाही. त्यामुळे भांडायचं तर दिवाळीच्या आधी.

पुढच्या वर्षी आम्ही गल्लीतल्या चाळीसेक जणांच्या सह्यांचा अर्ज सप्टेंबरमध्येच दिला, आणि पोच घेतली (हे विसरू नका, तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही). पण खरं काम बायकांनी केलं. मोठ्या ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, बऱ्याच गावात ती फक्त रजिस्टरवर होते, आमच्याकडे माझी काकू आणि शेजारच्या पाच-सहा जणी जाऊन बसल्या आणि गटारीचा ठराव लिहून घेतल्याशिवाय उठल्याच नाहीत. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

अजून एक, 15व्या वित्त आयोगात 60 टक्के निधी बंधित होता, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यावरच खर्च करायचा. सांडपाण्याची गटार त्यात बसते, पेव्हर ब्लॉक बसत नाहीत. आम्ही नुसतं "गटार पाहिजे" न म्हणता "बंधित निधीतून घ्या" असं लिहिलं, मग ग्रामसेवकांना पण नाही म्हणायला कारण उरलं नाही. कुठलं काम मंजूर झालं आणि किती पैसे खर्च पडले ते ई-ग्रामस्वराज या सरकारी वेबसाइटवर तुमच्या पंचायतीचं नाव टाकून मोबाईलवर दिसतं, एकदा बघाच.

कोरमचं, म्हणजे सभेला लागणाऱ्या किमान हजेरीचं पण लक्षात ठेवा. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल तेवढे लागतात, नाहीतर सभा तहकूब, आणि तहकूब सभा परत भरते तेव्हा कोरमची अट नसते, म्हणजे दहा-पंधरा माणसं अख्ख्या गावाचं ठरवून मोकळी होतात. तहकूब झाली की लोक घरी जातात, तिथेच चुकतं.

आणि काम मंजूर झालं की सोडून देऊ नका. अंदाजपत्रकाची कॉपी मागा, लांबी रुंदी जाडी सगळं त्यात असतं, देत नसतील तर माहिती अधिकार आहेच. आमच्या गटारीची चारी खोदली तेव्हा उतार शाळेच्या बाजूला काढला होता, पण पावसाळ्यात पाणी ओढ्याकडे जातं हे गल्लीतल्या लहान पोराला पण माहिती. आजोबांनी शाखा अभियंत्याला तिथे उभं करून बादलीभर पाणी ओतून दाखवलं. काँक्रीट पडायच्या आधी उतार बदलला, एक रुपया जास्त लागला नाही.

तुमच्या इथे या वर्षीचा आराखडा अजून व्हायचा असेल तर अर्ज या आठवड्यातच टाका. मसुदा करून हवा असेल तर खाली सांगा, आमचा होता तसा लिहून देतो.