जुन्या भयपटाची एचडी आवृत्ती काढताना रात्रीचे प्रसंग उजळ करावेत का?

तुम्ही विचारलंय की जुना कृष्णधवल भयपट स्कॅन करून एचडीत काढायचा आहे, रात्रीचे प्रसंग फार काळे येतात, ते उजळ करावेत का आणि त्यासाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं. उजळ करू नका. सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी मला हे लिहू द्या, कारण असल्याच एका उजळ केलेल्या आवृत्तीनं माझ्या वडिलांना ते गेल्यानंतर पुन्हा एकदा चोर ठरवलं.

आप्पा निपाणीतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, बावीस वर्षं कार्बनच्या मशीनवर. आई तंबाखूच्या वखारीत जायची, म्हणून संध्याकाळचा डबा मी पोचवायची. मागच्या लोखंडी जिन्यानं वर गेलं की जळलेल्या कार्बनचा आणि फिल्म जोडायच्या सिमेंटचा वास नाकात बसायचा. आप्पांची एक नजर पडद्यावर आणि एक आर्कवर, म्हणजे दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये पेटणाऱ्या झोतावर. कांड्या जळत जातात तसं मधलं अंतर सारखं जुळवत राहावं लागतं, नाहीतर पडदा पिवळा पडतो.

१९७९ साली एक जुना हिंदी भुताचा पिक्चर परत लागला. नाव लिहीत नाही. त्यात वाड्यातली रात्र आहे. चौक, विहीर, आणि कंदील घेऊन निघालेली म्हातारी. पडद्यावर दिसायचा फक्त कंदील आणि तो धरलेला हात, बाकी मिट्ट. कितीतरी वेळ तसंच. मग कंदील वळतो आणि खांबाला टेकून कुणीतरी उभं दिसतं. ते मघापासून तिथंच होतं हे त्याच क्षणी कळतं. वखारीतल्या बायका एका सुरात किंचाळायच्या. मी केबिनच्या झरोक्यातून सात वेळा तरी बघितला असेल आणि सातही वेळा पोटात गोळा आला.

पण पुढच्या बाकांवरची पोरं ओरडायची, "ए ऑपरेटर, लाइट वाढव!" संकेश्वरकडनं आलेले कुणी तेच कानडीत, "बेळकु हाकप्पा!" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी मालक केबिनमध्ये आले. त्यांचं म्हणणं, आप्पा आर्क बारीक ठेवून कार्बन वाचवतात आणि वाचलेल्या कांड्या बाहेर विकतात. त्यांनी डबा उघडून कांड्या मोजल्या. डोअरकीपरच्या समोर, माझ्या समोर. आप्पांनी त्यांच्यादेखत अ‍ॅम्पिअर वाढवून तो सीन चालवून दाखवला. कंदील पांढराफटक पडला, काळोख होता तसाच राहिला. राहणारच. कृष्णधवल प्रिंटमधलं काळं म्हणजे फिल्मवर राहिलेली चांदी. ती जिथं दाट आहे तिथनं उजेड पलीकडे जात नाही, कितीही कार्बन जाळा. मालकांना ते पटलं नाही. आठ दिवसांचा पगार कापला.

आता अलीकडचं. त्या पिक्चरची एचडी आवृत्ती निघाली. वडगावला दादाकडे टीव्हीवर बघितली. चौकाचा सीन आला आणि सगळं लख्ख! विहिरीचा काठ, फरशीतल्या भेगा, आणि खांबाला टेकलेली ती बाई, म्हातारी चौकात यायच्या आधीपासून! वर तुळशी वृंदावनाची सावली फरशीवर पडलेली, रात्री बारा वाजता. सीन दिवसा, उन्हात घेतलेला, दुसरं काय. दादा म्हणाला, "बघ, एवढं स्पष्ट होतं की. मालक उगाच बोलत नव्हते." मी जेवणाच्या ताटावरून उठले.

दादाला तेव्हा जे सांगता आलं नाही ते तुम्हाला सांगते. निगेटिव्हमध्ये सावलीतलं जेवढं उतरलेलं असतं, तेवढं थिएटरच्या प्रिंटमध्ये कधीच येत नसे, आणि यावं असा कॅमेरामनचा हेतूही नसे. उन्हात कमी एक्स्पोजरवर शॉट घ्यायचा आणि लॅबमध्ये छापताना आणखी काळा करून त्याची रात्र करायची, ही रोजची पद्धत होती. कुठल्या शॉटला छपाईचा उजेड किती, हे आकड्यांत ठरलेलं असायचं. रात्र तयार व्हायची ती लॅबमध्ये. आज तुम्ही थेट निगेटिव्ह स्कॅन करता तेव्हा ते आकडे मागेच राहतात. मग संगणकावर बसलेला माणूस सावल्या उघडतो आणि केवढा तपशील सापडला म्हणून खूश होतो.

जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊचा १९२२चा पिशाचाचा मूकपट 'नोस्फेरातू' घ्या. तेव्हाच्या फिल्मवर रात्री शूटिंग जमत नव्हतं, म्हणून रात्र दिवसा चित्रित केली आणि प्रिंटवर ती निळी रंगवली. गोष्ट 'ड्रॅक्युला' कादंबरीवरून परवानगी न घेता उचललेली, म्हणून तिचा लेखक स्टोकर याच्या विधवेनं खटला भरला, १९२५ साली प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. ज्या वाचल्या त्यांच्या पुढं रंग नसलेल्या नकला फिरत राहिल्या. त्यात तो पिशाच शवपेटी काखेत घेऊन भर उन्हात गावातनं चालतो. आणि शेवटी मरतो कशानं? सकाळच्या उन्हानं! २००५-०६ मध्ये जीर्णोद्धार झाला तेव्हा पॅरिसच्या सिनेमाथेक या फिल्म संग्रहालयातली १९२२ची रंग दिलेली फ्रेंच प्रिंट समोर ठेवली, तेव्हा कुठं रात्र परत निळी झाली. म्हणून मी म्हणते, त्या काळात थिएटरात चाललेली एक तरी प्रिंट शोधा, निदान एक रीळ, आणि ते बघून काळोख ठरवा. मग सॉफ्टवेअर कुठलंही चालेल. फक्त ग्रेन, म्हणजे फिल्मचे बारीक दाणे, पुसायचं बटण जपून वापरा, चेहरे मेणाचे होतात. आणि जुनी चौकोनी फ्रेम रुंद टीव्हीभर ताणून बसवायला वरखाली कापू नका, उंचीचा जवळजवळ पाव भाग जातो. भयपटात बऱ्याचदा भीती त्या वरच्या कोपऱ्यातच असते.

मात्र प्रत्येक काळोख खरा असतो असंही नाही. नकलेची नक्कल काढत गेलं की सावल्या गुदमरतात. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा अमेरिकन भयपट १९६८चा. नाव बदलताना कॉपीराइटची ओळ राहून गेली म्हणून कुणीही छापला आणि लोकांनी वर्षानुवर्षं तो गढूळ प्रतींत बघितला. २०१६ला मूळ निगेटिव्हवरून फोर-के, म्हणजे एचडीहून बारीक तपशिलाची, आवृत्ती झाल्यावर तो खरा कसा होता ते कळलं. तेव्हा तुमचा स्कॅन कशावरून आहे ते आधी बघा. आणि तुमच्याकडे प्रिंटच असेल तर प्रोजेक्टरवर चालवून बघायचा मोह आवरा. व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवा, फिल्म सडायला लागल्याची ती खूण, आणि ती सड शेजारच्या रिळांना लागते. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद ट्रंकेत तर मुळीच नको. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाकडे सोपवता आलं तर सगळ्यात चांगलं.

त्या पिक्चरची फिल्म एका खेळाला प्रोजेक्टरच्या गेटमध्ये अडकून तुटली होती. कडेची भोकं फाटलेला तुकडा कापून आप्पांनी जोड मारला आणि तो तुकडा विडीच्या डब्यात टाकला. चौदा फ्रेम, चौकाच्याच सीनच्या, कंदील वळायच्या आधीच्या. आता कागदी पाकिटात ठेवल्यात. त्या पिक्चरचं काम पुन्हा कुणी नीट हाती घेतलं तर द्यायची माझी तयारी आहे.

गेल्या दिवाळीत दादाला ती पट्टी खिडकीत उन्हासमोर धरून दाखवली. डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "कंदीलच दिसतोय की नुसता."