खेळते आहेस तोवरच करार वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. खेळणं थांबवून क्लबच्या व्यवस्थापनात जायचं म्हणतेस. ‘मैदान आतून माहीत आहे, बाकीचं जमेल’ असंही लिहिलंस. मैदान माहीत असणं ही जमेची बाजू आहेच. पण त्या खुर्चीत बसलीस की तुझा दिवस चेंडूपेक्षा करारांमध्ये जास्त जाईल. तेव्हा आतापासूनच करार वाचायला लाग. पहिला तुझा स्वतःचा. दुखापत झाली तर पगार किती दिवस चालू राहतो? मुदतवाढीचा हक्क कुणाकडे आहे? न बघता सांगता येतंय का?

याएल अ‍ॅव्हरबुकचं बघ. अमेरिकेकडून फुटबॉल खेळलेली मिडफिल्डर. खेळत असतानाच तिने एनडब्ल्यूएसएल या तिथल्या महिला फुटबॉल लीगमधल्या खेळाडूंची संघटना उभी करायला हातभार लावला आणि २०२१ मध्ये ती त्याच लीगमधल्या गॉथम एफसी या क्लबचा कारभार बघू लागली. २०२२ मध्ये संघ तळाला होता, २०२३ मध्ये विजेता. लोक याला चमत्कार म्हणतात. मी अंतिम सामन्यातले गोल बघते. गॉथमचे दोन्ही गोल, लिन विल्यम्सचा आणि एस्तेर गोन्सालेसचा, त्याच वर्षी संघात आणलेल्या खेळाडूंचे होते. ते सामने ऑफिसात आधीच खेळून झाले होते, म्हण ना!

आता अवघड भाग. त्या लीगमध्ये संघाच्या एकूण पगाराला मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २७.५ लाख डॉलर होती. एकीला वाढ दिलीस की ती रक्कम दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्यातून जाते, आणि ती दुसरी कदाचित दौऱ्यावर तुझ्याच खोलीत राहिलेली मैत्रीण असेल. तिच्या एजंटला मेसेज टाकून मोकळी होऊ नकोस. तिला बोलाव, दार लाव आणि पहिल्याच वाक्यात सांग, ‘तुझा करार आम्ही पुढे वाढवत नाही.’ मग गप्प बस. ‘या मोसमात छान खेळलीस’ अशी सुरुवात केलीस, तर तिला वाटतं करार मिळाला, आणि पुढचं वाक्य दुप्पट लागतं. ती चिडेल, कदाचित तुझ्याशी बोलणंच टाकेल. ते तुझ्या पगारातच धरलेलं आहे.

नियम मात्र वकिलावर सोडू नकोस. २०२१ पासून फिफाने प्रसूतीसाठी किमान १४ आठवड्यांची रजा आणि त्या काळात निदान दोन तृतीयांश पगार बंधनकारक केला. तरीही आइसलंडची फुटबॉलपटू सारा ब्योर्क गुन्नार्सदोत्तिर हिला गरोदरपणातला थकलेला पगार लियॉन या फ्रेंच क्लबकडून मिळवायला फिफाच्या न्यायाधिकरणापर्यंत जावं लागलं. निकाल तिच्या बाजूने लागला, रक्कम ८२ हजार युरोंच्या वर. अशी फाईल तुझ्या टेबलावर आली, तर तो नियम तू आधीच वाचलेला असावास.

पदवीचं विचारलंस. घे, पण ताळेबंद वाचता येत नसेल तर ती भिंतीवरच राहील.

आणि खेळाडूंच्या संघटनेत प्रतिनिधीची जागा रिकामी झाली की नाव दे. सराव आटोपल्यावर बैठकीला बसायची हौस कुणालाच नसते, त्यामुळे बहुधा बिनविरोध निवडून येशील.

तुझी,
ताई